टेबलावरचा डीजे सीडी प्लेअर: मांडणीपासून पहिल्या बीटपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोडला राहणारा १९ वर्षांचा मुलगा. मामानं साउंडचा धंदा आवरला, तेव्हा दोन टेबलावर ठेवायचे डीजे सीडी प्लेअर आणि दोन चॅनेलचा मिक्सर याच्याकडे आला. माहितीपुस्तिका कधीच हरवलीय. एका प्लेअरचा आवाज फाटका येतो. दोन्हींवर गाणं मधेच तुटतं. आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठोके एकमेकांवर आपटतात. घरात पॉवरलूमचे चार माग आहेत, त्याच्याच शेजारच्या खोलीत सराव चालतो. तीन आठवड्यांनी चुलतबहिणीची हळद आहे, भर एप्रिलात, आणि वाजवायचं यालाच.

मी सोलापुरात बावीस वर्षं हळदी, वराती, कॉलेजांची गॅदरिंग वाजवली. आता वाजवणं कमी आणि दुरुस्ती जास्त करतो. बाळा, तुझ्या तीन तक्रारींपैकी दोन बहुतेक मशीनच्या नाहीतच. एक वायरिंगची आहे, एक मागांची. तिसरी हाताची आहे, आणि तिच्यासाठी तीन आठवडे पुरेसे आहेत. रोज तासभर बसायची तयारी मात्र हवी.

फाटक्या आवाजाचं आधी बघू. मिक्सरच्या मागे प्रत्येक चॅनेलला आरसीएच्या, म्हणजे लाल-पांढऱ्या पिना घालायच्या गोल जागांच्या, दोन-दोन जोड्या असतात. एकीवर फोनो लिहिलेलं असतं, दुसरीवर लाइन किंवा सीडी. फोनो ही जागा तबकडीच्या टर्नटेबलसाठी असते. टर्नटेबलच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, म्हणून मिक्सर तिथं तो कितीतरी पट वाढवतो, शिवाय खालचा बेस फुगवतो आणि वरची धार कापतो. सीडी प्लेअर मुळातच दोन व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो. तो फोनोत घातला की आवाज फाटणारच. वायर लाइनमध्ये घाल, चॅनेलच्या वरचा खटकाही लाइनवर कर. लाल पीन उजवी, पांढरी डावी.

तरीही फाटला तर अदलाबदल करून बघ. डाव्या प्लेअरची वायर उजव्याला लाव. दोष वायरीबरोबर गेला तर वायर खराब, प्लेअरबरोबर गेला तर प्लेअर, आणि त्याच चॅनेलवर राहिला तर मिक्सर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दर चार प्लेअरपैकी एकाला तरी काही झालेलं नसतं, दोष दीडशे रुपयांच्या वायरीत असतो. पीन हातात धरून थोडी फिरवून बघ. खर्रखर्र आलं तर ती वायर सरळ बाजूला काढ, हळदीच्या दिवशी ती दगा देणार.

आता गाणं तुटण्याचं.

सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक गोल रेघ असते. तिच्या शेजारशेजारच्या वेढ्यांत अंतर फक्त १.६ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे बसतात. सीडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे घेते, आणि त्या गतीत लेसरची लेन्स या रेघेचा माग धरून चालते. लेन्स बारीक तारांवर टांगलेली असते, दणका बसला की क्षणभर रेघ सोडते. प्लेअर काही सेकंदांचं गाणं पुढचं वाचून मेमरीत ठेवतो, म्हणून एखाद-दुसरा धक्का ऐकू येत नाही. पण दणके सतत बसत राहिले तर मेमरी रिकामी होते आणि गाणं तुटतं.

तुझ्या शेजारच्या खोलीत चार माग आहेत. धोटा या टोकाहून त्या टोकाला जाऊन आदळतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि चार मागांचा तो दणका फरशीतून तुझ्या टेबलात येतो. पहिली चाचणी हीच कर: माग बंद असताना, जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री, तीच सीडी पूर्ण वाजव. तेव्हा तुटलं नाही तर मशीन ठीक आहे.

मग टेबल सुधार. लोखंडी घडीचं टेबल नको, ते स्वतःच थरथरतं. जाड लाकडी टेबल घे, भिंतीला टेकवू नकोस. त्यावर सोलापुरी चादर चौपदरी घाल आणि चादरीवर शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेव, दोन्ही प्लेअर आणि मिक्सर मावेल एवढा. प्लेअर फरशीवर ठेव. वजनदार दगड आणि त्याखाली मऊ थर, या जोडीनं दणके बरेचसे वाटेतच जिरतात. चादर थेट प्लेअरखाली घालू नकोस, खालच्या जाळ्या बंद होतात आणि धागे आत जातात. घरात चादरीपेक्षा फोम असला तर फोमही चालेल. मला चादर आवडते, कारण ती गाडीत फरशीला गुंडाळूनही नेता येते. कार्यक्रमातही हीच मांडणी ठेव. सब-वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, ज्या स्टेजवर आहे त्याच स्टेजवर डीजेचं टेबल लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. टेबल जमिनीवर घे, स्टेजच्या बाजूला.

दुसरी गोष्ट रुईची. मागाच्या घरात बारीक तंतू हवेत तरंगत असतात, हे तुला मी काय सांगणार. ते फटीतून आत जाऊन लेन्सवर बसतात. वाजवत नसशील तेव्हा प्लेअर झाकून ठेव, पण टॉवेलनं नाही. रेनकोटच्या कापडासारखं, ज्याचे धागे सुटत नाहीत असं कापड वापर. फटीतून सीडी आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये ब्रशवाली क्लीनर सीडी घालू नये असं माझं मत आहे, तिचे ब्रश लेन्सला ओरबाडतात. आणि झाकण स्वतः उघडू नकोस. आतला लेसर ७८० नॅनोमीटरचा आहे, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तो चालू आहे की बंद हे कळत नाही आणि डोळा जायचा. लेन्स साफ करणं जाणत्याकडे दहा मिनिटांचं काम आहे. तुझ्या घरची हवा बघता वर्षातून एकदा ते करून घे.

माग बंद असतानाही तुटत असेल तर सीडीकडे बघ. दोन-तीन वेगळ्या सीड्या लाव. एकाच सीडीवर तुटत असेल तर दोष सीडीचा. पहिली गाणी नीट आणि शेवटची तुटत असतील तर मशीनची बाहेरच्या कडेला वाचायची ताकद कमी झालीय. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचं गाणं कडेला असतं. जुना प्लेअर विकत घेतानाही मी सोबत एक ७४ मिनिटांची गच्च भरलेली सीडी नेतो, पहिल्या गाण्यावरून थेट शेवटच्यावर उडी मारतो आणि किती सेकंदांत आवाज येतो ते बघतो.

सीडी घरी बनवत असशील तर ऑडिओ सीडी म्हणूनच बनव. जुने प्लेअर फक्त ऑडिओ सीडी वाचतात, एमपीथ्री फायली टाकलेली सीडी त्यांच्यासाठी कोरी असते. रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क फायनलाइज, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद, झाली पाहिजे, नाहीतर संगणकावर वाजते आणि प्लेअरवर नाही. पुन्हा पुन्हा लिहायची सीडी वापरू नकोस, तिचा परावर्तित प्रकाश खूप कमी असतो, जुन्या लेन्सला ती झेपत नाही. कागदी लेबल चिकटवू नकोस. एप्रिलच्या उन्हात त्याचा डिंक सुटतो, कड उचलते आणि सीडी फटीत अडकते. नाव मऊ टोकाच्या मार्करनं लिही. बरेच जण चमकती बाजू जिवापाड जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. खरं तर माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली आहे. चमकत्या बाजूला वर सव्वा मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पॉलिश करता येतो. छापील बाजूचा ओरखडा म्हणजे ते गाणं गेलं. पुसताना मधून कडेकडे सरळ पूस, गोल गोल नाही.

प्रत्येक सीडीच्या दोन प्रती काढ, कारण दोन प्लेअर आहेत. एकाच सीडीवरची दोन गाणी लागोपाठ लावायची वेळ येतेच.

विजेचं मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण माझे दोन प्लेअर एकाच संध्याकाळी गेलेत. जुळे सोलापुरातली एक हळद होती. मांडववाल्यानं थ्री फेजचं कनेक्शन घेतलेलं, मी माझा बोर्ड मांडवातल्या एका सॉकेटला लावला. नऊच्या सुमारास मांडवातल्या एका बाजूच्या माळा एकदम लख्ख झाल्या आणि दुसऱ्या बाजूच्या मंदावल्या. मला ते दिसलं, पण अर्थ कळला नाही. न्यूट्रलची तार कुठंतरी सैल होऊन सुटली होती. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटली की २३० व्होल्टच्या जागी कुठल्याही सॉकेटला ४०० च्या आसपास येऊ शकतात. पाच-सात सेकंदांत दोन्ही प्लेअरमधून धूर निघाला. नवरीच्या आईनं माझ्याकडे बघितलं तो चेहरा मला अजून आठवतो. बाकीची रात्र एका पोराच्या मोबाइलवर काढली.

तेव्हापासून सॉकेटला काही लावायच्या आधी मल्टिमीटर लावतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१० ते २४० व्होल्ट हवेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्टच हवेत. दहा-पंधरा दिसले तर मांडवाच्या वायरमनला बोलावून दुरुस्त करून घे, तोवर काही लावू नकोस. प्लेअर आणि मिक्सर यांचा बोर्ड वेगळा ठेव आणि त्याला व्होल्टेज वाढलं की आपोआप तोडणारा कटआउट लाव. दोन प्लेअर आणि मिक्सर मिळून फार वीज ओढत नाहीत, एवढ्याला संगणकाचा यूपीएससुद्धा पुरतो. जनरेटरवर तर यूपीएस हवाच. बेसच्या प्रत्येक ठोक्याला अ‍ॅम्प्लिफायर खूप करंट ओढतो, जनरेटरचं व्होल्टेज खाली बसतं आणि प्लेअर मधेच रिसेट होतो. लाइट सुरू-बंद झाल्यासारखे लुकलुकताना दिसले तर हेच चाललंय समज.

घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल तर प्लेअर, मिक्सर आणि अ‍ॅम्प बहुधा वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगवर आहेत. शक्य असेल तर तिन्ही एकाच ठिकाणाहून घे. काही जण अर्थिंगची पीन कापून टाकतात, घूं बंदही होते, पण मग मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो हाताला बसतो. पीन कापू नकोस, आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लाव. आरसीए वायर दोन-तीन मीटरच्या आत ठेव, लांब जायचं ते मिक्सरपासून पुढे एक्सएलआरनं, म्हणजे तीन पिनांच्या वायरीनं. विजेच्या आणि आवाजाच्या वायरी एकत्र गुंडाळू नकोस.

चालू करताना आधी प्लेअर, मग मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प. बंद करताना अ‍ॅम्प आधी. उलटं केलंस की तो ‘धाड्’ आवाज स्पीकरच्या कॉइलवर बसतो.

आवाजाची पातळी मिक्सरवर लाव. चॅनेलचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर, लो-मिड-हाय (बेस, मधला आणि वरचा आवाज) तिन्ही मधोमध, आणि गाण्याच्या सगळ्यात भरलेल्या भागाला मीटर शून्यावर टेकेल एवढा गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलची वाढ. लाल दिव्यात सतत वाजवून आवाज मोठा होत नाही, घाण होतो. दोन्ही चॅनेल अशा रीतीनं सारखे केलेस की गाणं बदलताना लोकांना दचकायला होत नाही.

आता खरं काम. या मशीनवर खूप बटणं आहेत, पण पहिल्या आठवड्यात तुझ्यासाठी चारच गोष्टी आहेत: प्ले-पॉज, क्यू, जॉगचं चाक आणि पिचचा, म्हणजे वेगाचा, स्लायडर. बाकीच्यांना हात लावू नकोस.

क्यू म्हणजे गाणं जिथून सुरू करायचं ती जागा मशीनला लक्षात ठेवायला सांगणं. १९९४ साली पायोनिअरनं सीडीजे-५०० आणला तेव्हापासून टेबलावरच्या प्लेअरचा हा आत्मा आहे, आणि २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये सीडीची फटच राहिली नाही, तरी क्यूचं बटण जिथल्या तिथं आहे. हे नीट जमलं तर पुढे पेनड्राइव्ह असो की लॅपटॉप, तुला नव्यानं शिकायला लागणार नाही.

असं कर. ज्या गाण्याची सुरुवात ढोलकीच्या किंवा किक ड्रमच्या स्पष्ट ठोक्यानं होते असं एक गाणं घे. हेडफोन एका कानावर. प्ले दाब, आणि तो पहिला ठोका पडला की लगेच पॉज. प्लेअर गप्प बसणार नाही, त्या जागेचा एक तुकडा टट्टट्टट्ट करत पुन्हा पुन्हा ऐकवेल. तो बिघाड नाही, तू कुठं उभा आहेस ते तो सांगतोय. ज्या मशीनवर व्हायनल मोड असतो तिथं तो गप्प राहतो आणि चाक फिरवलं की तबकडीसारखा आवाज मागेपुढे होतो.

आता तू ठोक्याच्या जरा पुढे गेलायस, हाताला तेवढा उशीर होतोच. चाक डावीकडे अगदी हळू फिरव. एक एक खाच म्हणजे सेकंदाचा ७५ वा भाग. टट्टट्ट ऐकत राहा. आधी ठोक्याचं शेपूट ऐकू येईल, ते पातळ ‘उंम्’. आणखी मागे, त्याचं पोट. आणखी मागे, त्याची धार, ‘टक्’ असा कडक आवाज. आणखी एक खाच, आणि आवाज नाहीसा होईल. तिथंच थांब. ठोका सुरू व्हायच्या एक केसभर आधीची ती जागा. क्यू दाब, मशीन शांत होईल, क्यूचा दिवा लागेल. आता क्यू दाबून धर: गाणं तिथून वाजेल. सोड: परत त्याच जागी येऊन थांबेल. दाब-सोड, दाब-सोड. बोट पडताक्षणी ठोका ऐकू आला पाहिजे. जरासुद्धा अंतर वाटलं तर जागा चुकलीय, पुन्हा काढ. बरेच प्लेअर ऑटो क्यूनं सुरुवातीची शांतता ओलांडून स्वतः जागा धरतात. ती जागा बऱ्याचदा ढिली असते, तू हातानंच धर.

सुरुवातीला एका गाण्याला पाच मिनिटं लागतील. दहा सेकंदांवर येईस्तोवर पुढे जाऊ नकोस. मी ज्या पोरांना शिकवलं त्यांच्यातली घाई करणारी सगळी इथंच अडकली.

मग वेग. घड्याळ लावून १५ सेकंद ठोके मोज, चारनं गुण, तो बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके. प्लेअरवर आकडा दिसत असला तरी मोज, कारण ढोलकी-हलगीच्या गाण्यांवर मशीन हमखास चुकतं, निम्मा किंवा दुप्पट आकडा दाखवतं. वाजत असलेलं गाणं १२८ चं आणि येणारं १२४ चं असेल तर येणाऱ्याला ३.२ टक्के वाढवायचं. पिचचा स्लायडर आपल्याकडे ओढला की वेग वाढतो, पलीकडे ढकलला की कमी होतो. रेंज ६ टक्क्यांवर ठेवलीस तर स्लायडर बारीक चालतो, १६ वर जाडाभरडा. ६ टक्के वेग बदलला की सूर साधारण एका अर्ध्या स्वरानं वर-खाली जातो, गायकाचा गळा वेगळा वाटायला लागतो. मास्टर टेम्पो चालू केला तर सूर जागेवर राहतो, पण जुन्या मशीनवर आवाजाला एक थरथर येते. तीन-चार टक्क्यांपर्यंत मी मास्टर टेम्पो लावत नाही.

आता जुळवणी. वाजणाऱ्या गाण्याचे ठोके मोकळ्या कानानं मोज, एक-दोन-तीन-चार. येणाऱ्या गाण्याचं क्यू बटण हेडफोनमध्ये त्या ‘एक’वर तीन-चार वेळा दाबून बघ, ताल अंगात येतो. मग पुढच्या ‘एक’ला प्ले. फक्त हेडफोनमध्ये, फेडर खालीच. दोन्ही ठोके एकावर एक पडले तर एकच जाड ठोका ऐकू येतो. घोड्याच्या टापांसारखं ‘टकटक टकटक’ झालं तर एक पुढे आहे. कोणता पुढे हे ओळखणं सुरुवातीला कठीणच जातं. म्हणून एक युक्ती: जॉग उजवीकडे जरा ढकल. ठोके जवळ आले तर येणारं गाणं मागे होतं. लांब गेले तर पुढे होतं, मग डावीकडे ढकल. चाक सोडलं की वेग पूर्ववत होतो, म्हणजे जॉगनं फक्त जागा सुधारते. जागा सुधारूनही ते पुन्हा पुन्हा सुटत असेल तर वेगच चुकलाय, स्लायडर हलव. अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा मिनिटात ०.३ सेकंदांचं अंतर पाडतो, आणि १२० च्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतरच अर्धा सेकंद असतं.

मिनिटभर हेडफोनमध्ये एकत्र चालले की मगच फेडर वर घे. येणाऱ्या गाण्याचा लो आधी पूर्ण खाली ठेव. दोन बेस एकदम वाजले की चिखल होतो. मुखडा संपून नुसतं संगीत सुरू होतं तिथं जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर, एकाच हालचालीत. गायकाच्या आवाजावर दुसऱ्या गायकाचा आवाज कधी चढवू नकोस.

पण हे सगळं ज्या गाण्यात ठेका मशीननं धरलाय त्यांच्यासाठी. आपल्या हळदीतली निम्मी गाणी तशी नसतात. जुन्या गाण्यांत ढोलकीवाला माणूस आहे, तो अंतऱ्याला चढतो आणि मुखड्याला सैलावतो. त्याला दुसऱ्या गाण्याशी दोन मिनिटं बांधून ठेवता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. तिथं समेवर तोड: जुन्या गाण्याची ओळ संपून सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, येते, त्याच ठोक्याला नव्याचं प्ले आणि जुन्याचा फेडर खाली. यासाठीच क्यू केसभर आधी धरायला शिकवलं. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केहरवा एकमेकांवर जुळत नाहीत, बीपीएम सारखा असला तरी. आपल्या गावात एकाच मांडवात मराठी, तेलुगू, कानडी, हिंदी सगळं मागतात. तेलुगू वरातीतला तीनमारचा ठेका तिनाच्या चालीवर चालतो, त्यावर चाराच्या चालीचं गाणं चढवलंस की नाचणारे पाय जागीच थांबतात. एक ठेका संपव, दोन क्षण शांतता दे, दुसरा सुरू कर. शांतता द्यायला घाबरू नकोस, ती चुकीच्या मिक्सपेक्षा कधीही बरी.

लूप एवढ्यासाठी शिकून ठेव: ‘एक’ला लूप इन, चार किंवा आठ ठोक्यांनी पुढच्या ‘एक’ला लूप आउट, आणि तो तुकडा फिरत राहतो. नवरी यायला उशीर झाला, कुणी माइक मागितला, की गाणं तिथं थोपवता येतं. इफेक्ट पुढच्या वर्षी.

हळदीच्या दिवशी उन्हाचं बघ. या प्लेअरना कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात आणि आपल्याकडे एप्रिलात दुपारी पारा ४० च्या वर असतो. पत्र्याच्या मांडवाखाली त्याहून जास्त. टेबल सावलीत, मागून हवा खेळेल असं लाव, एक छोटा पंखा प्लेअरच्या मागच्या जाळ्यांवर सोड. प्लेअर गाडीत बंद ठेवू नकोस. एसी हॉलमधून बाहेर नेलास तर तासभर तसाच राहू दे, लेन्सवर ओल धरते. हळदीची पूड आणि फुलांच्या पाकळ्या उधळणार, तेव्हा टेबल नवरीपासून दहा-पंधरा फूट तरी लांब हवं. पिवळ्या हातानं कुणी गाणं सांगायला आलं तर कागदावर लिहून घे, प्लेअरला हात लावू देऊ नकोस.

आवाजाचं माझं मत सरळ आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. घरच्यांशी आधीच बोलून दहाला शेवटचं गाणं ठरवून टाक, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. तुझ्या स्वतःच्या कानांचंही बघ. ८५ डेसिबल आठ तास सोसवतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. स्पीकरच्या रेषेच्या मागे उभा राहा आणि हेडफोन फक्त जुळवताना घाल. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, बावीस वर्षं मी तोच कान हेडफोनला दिला.

आवरताना सीडी आधी बाहेर काढ, आत ठेवून गाडीत घालू नकोस. धक्क्यानं ती आत घासते आणि अडकली तर हळदीनंतरच्या लग्नाला एकच प्लेअर उरेल. वायरी कोपरावर पिळून गुंडाळू नकोस, मोकळ्या वेढ्यांत घाल. आणि आजपासून एक वही कर: गाणं कधी तुटलं, कोणती सीडी, कितवं गाणं, कितव्या मिनिटाला, माग चालू होते की बंद. आठवडाभर लिही. लेन्स साफ करायला मशीन घेऊन येशील तेव्हा ती वही सोबत आण, मला उघडायच्या आधीच अर्धं कळेल.